खंडायची नावं ठेवली कोनं?

गावखारी

राजेहो, वाशीम जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत भूगोल शिकवतो. पाचवीतल्या एका पोरीनं नकाशासमोर उभं राहून विचारलं, "सर, आशिया, आफ्रिका, अमेरिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, सगळ्यायच्या शेवटी 'आ' येते. एकटा युरोपच काऊन वेगळा?" खंड किती, केवढे, कुठं हे सगळं पुस्तकात आहे. नावं ठेवली कोणी, याबद्दल चकार शब्द नाही. मग थोडं वाचून काढलं. जुन्या तीन खंडांचं सापडलं ते इथं टाकतो, बाकीच्यांचं तुम्ही बघा.

सर्वांत जुनी नावं तीन: युरोप, आशिया आणि लिबिया. हो, लिबियाच. ग्रीक लोक आख्ख्या आफ्रिकेला लिबिया म्हणत. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस आपल्या 'इतिहास' या ग्रंथाच्या चौथ्या भागात यावरून चक्क वैतागलेला दिसतो. जमीन एकच आहे, मग तिला तीन नावं कशाला, तीही बायकांची का, आणि या सीमा आखल्या कोणी, हे आपल्याला कळलेलं नाही असं तो सरळ लिहितो. म्हणजे आमच्या पाचवीच्या पोरीचं एकदम बरोबर चाललंय.

आशियाबद्दल तो दोन गोष्टी सांगतो. ग्रीक म्हणत, ती प्रोमिथियसची बायको. लिडियाचे, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातले, लोक म्हणत, छे, आमच्या कोटिसचा मुलगा आसिएस, त्याच्यावरून. पण मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात केस्टर नदीच्या काठावरच्या एका कुरणाला 'आशियाचं कुरण' म्हटलंय. तिथं हंस, बदकं, करकोचे उतरतात. ही नदी आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आहे. त्याच बाजूला 'अस्सुवा' नावाचा राज्यांचा एक संघ होता, त्याचा उल्लेख त्या काळी तुर्कस्तानात राज्य करणाऱ्या हित्ती लोकांच्या मातीच्या पाट्यांवर सापडतो, इसवी सनापूर्वी १५ व्या-१४ व्या शतकातला. आशिया या अस्सुवावरून आला असं बरेच अभ्यासक मानतात. पुढं इ.स.पू. १३३ मध्ये पर्गामॉनचा राजा तिसरा अट्टालस मेला आणि मृत्युपत्रात आपलं राज्य रोमच्या नावे करून गेला. रोमनांनी त्या मुलखाचा प्रांत केला आणि त्याला नाव दिलं 'आशिया'. म्हणजे रोमन कारकुनाच्या वहीत आशिया केवढा, तर तुर्कस्तानचा एक कोपरा. नाव तिथून जे पूर्वेकडं सरकत गेलं ते थेट जपानपर्यंत. मग मूळ जागेला 'छोटा आशिया' म्हणायची पाळी आली.

युरोपा ही टायरची राजकन्या, आजच्या लेबनॉनमधली. झ्यूस देव पांढऱ्या बैलाच्या रूपात आला, ही पाठीवर बसली, आणि तो तिला घेऊन समुद्रातून थेट क्रीट बेटावर. ग्रीसच्या दोन युरोच्या नाण्यावर हाच प्रसंग आहे. हिरोडोटस इथंही खोच मारतो: ही बाई आशियातली, क्रीटला गेली, तिथून लिशियाला, म्हणजे परत आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्याला, गेली, ज्या भूमीला ग्रीक युरोप म्हणतात तिथं तिनं पाऊलही ठेवलं नाही! ग्रीक भाषेतून अर्थ लावायचा तर 'रुंद' आणि 'चेहरा' या दोन शब्दांचा जोड लावतात. दुसरा तर्क असा की पश्चिम आशियातल्या फिनिशियन-अक्कडी बाजूच्या जुन्या भाषांत सूर्य मावळण्याचा जो शब्द आहे त्यावरून युरोप, आणि उगवण्याच्या शब्दावरून आशिया. ऐकायला फार गोड, पण उच्चारांचे नियम लावले की युरोपचं गणित नीट बसत नाही, असं भाषावाले म्हणतात.

आफ्रिका हे नाव रोमनांचं. कार्थेजच्या आसपास, म्हणजे आजच्या ट्युनिशियात, 'आफ्री' नावाची जमात राहायची. त्यांचा मुलूख तो आफ्रिका. इ.स.पू. २०२ मध्ये झामाच्या लढाईत कार्थेजच्या हॅनिबलला हरवणारा रोमन सेनापती स्किपिओ 'आफ्रिकानुस' झाला, आणि १४६ मध्ये कार्थेज जमीनदोस्त केल्यावर रोमचा आफ्रिका प्रांत. आफ्री हा शब्द कुठून आला यावर मात्र भांडण आहे. कोणी बर्बर भाषेतला गुहेचा शब्द सांगतो, कोणी फिनिशियन धुळीचा. 'जिथं थंडी नाही ती' असा ग्रीक अर्थही कोणीतरी चिकटवलेला आहे.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका राहिले. या, टाका प्रतिसाद.

चुनातंबाखू

मास्तर, एवढं डोकं कायले लावता? व्हॉट्सअपवर कधीचंच आलं हाय. ऑस्ट्रेलिया म्हन्जे अस्त्रालय. पांडवायनं तिथं अस्त्रं ठेवली होती. अमेरिका म्हन्जे अमरिका. आता बोला.

टाकळीची सून

वाचतेय. युरोपच्या बैलाची गोष्ट पोळ्याच्या दिवशी पोरांना सांगणार. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

मूळ अकोला

चुनातंबाखू भाऊ, तो मेसेज मलाही तीन ग्रुपवर आला. ऑस्ट्रेलियाचं नाव कसं पडलं याचा कागदोपत्री हिशेब इतका स्वच्छ आहे की तिथं पांडवांना शिरायला फटच नाही.

लॅटिनमध्ये 'ऑस्टर' म्हणजे दक्षिणेचा वारा, त्यावरून 'ऑस्ट्रालिस' म्हणजे दक्षिणेकडचं. उत्तरेला एवढी जमीन आहे तर तोल राहायला दक्षिणेलाही तेवढीच असणार, अशी युरोपातल्या विद्वानांची जुनी समजूत. म्हणून कोणी पाहायच्या आधीच नकाशाच्या तळाशी 'टेरा ऑस्ट्रालिस', दक्षिणभूमी, काढून मोकळे. खरी जमीन डचांना लागली, तेव्हा तिचं नाव पडलं न्यू हॉलंड. मग आला मॅथ्यू फ्लिंडर्स. यानं १८०१ ते १८०३ या काळात आख्ख्या किनाऱ्याला फेरी मारली आणि हे एकच सलग भूखंड आहे हे दाखवलं. परतीच्या वाटेवर मॉरिशसला थांबला, तर तिथल्या फ्रेंचांनी हेर समजून धरून ठेवला, १८१० पर्यंत सोडला नाही. त्याला 'ऑस्ट्रेलिया' हे नाव हवं होतं. कानाला बरं लागतं आणि बाकी खंडांच्या नावांशी जुळतं, असं त्याचं म्हणणं. पण सर जोसेफ बँक्स वगैरे मोठ्या मंडळींना ते पसंत नव्हतं. १८१४ च्या जुलैत पुस्तक निघालं ते 'टेरा ऑस्ट्रालिस'च्याच नावानं, त्याचं 'ऑस्ट्रेलिया' तळटीपेत. पुस्तक बाहेर पडलं आणि दुसऱ्या दिवशी फ्लिंडर्स वारला. १८१७ मध्ये तिथल्या गव्हर्नर मॅक्वारीनं हेच नाव वापरा म्हणून लंडनला लिहिलं आणि १८२४ मध्ये ब्रिटिश नौदल खात्यानं ते मान्य केलं.

सर, तुमच्या विद्यार्थिनीला हे जरूर सांगा. बाकी खंडांशी नाव जुळावं हा विचार तिच्या आधी फ्लिंडर्सनं केलेला आहे. शेवटचा 'आ' योगायोग नाही.

जाता जाता: ऑस्ट्रिया देशाचा याच्याशी संबंध नाही. ते 'पूर्वेकडचं राज्य' या जर्मन नावाचं लॅटिन रूप.

चुनातंबाखू

म्हन्जे अस्त्रं नाई ते नाईच, वरून तळटीप निंगाली.

गावखारी

मूळ अकोला, झकास. आणि युरोपचं उत्तरही यातच सापडलं की. लॅटिनमध्ये तो 'युरोपा'च आहे! इंग्रजीत येता येता शेवटचा 'आ' गळला आणि आपण इंग्रजीतून उचलला म्हणून तो बिचारा एकटा पडला. पोरीला उद्या सांगतो.

सातबारा

मी महसुलात नोकरी केलेला माणूस, इतिहासातलं फार कळत नाही. पण ते अस्सुवा अन् आफ्रीवाले वाचून रिठी गावं आठवली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: आमच्याकडं कागदावर 'मौजा अमुक रिठी' अशी गावं असतात. पटकीनं, दुष्काळानं नाहीतर पेंढाऱ्यांच्या त्रासानं कधीतरी गाव उठलं. आज तिथं एक घर नाही. असलाच तर एखादा मारुती अन् चिंचेचं झाड. पण सातबाऱ्यावर नाव चालूच, शिवार त्याच नावाचं, अन् वावराचे भाव विचारणारा त्याच नावानं विचारतो. तसंच हे. आफ्री जमात गेली कुठं कोणाला माहीत, सातबारा मात्र सव्वाशे कोटीच्या वर लोकांच्या खंडाचा त्यांच्या नावावर.

एक शंका. हे नाव खंडभर पसरवलं ते रोमनांनी, मग तिथल्या लोकांना कोणी विचारलं होतं का?

मूळ अकोला

कोण विचारतंय! अमेरिकेचंच बघा.

कोलंबस १५०६ मध्ये वारला तो आपण आशियाच्याच कडेला लागलो या समजुतीत. फ्लॉरेन्सचा अमेरिगो वेस्पुची त्याच्यानंतर दक्षिणेकडच्या किनाऱ्यानं फिरला. त्याच्या नावानं छापलेल्या पत्रांत 'हे नवं जग आहे' असा स्पष्ट दावा आला आणि ती पत्रं युरोपभर खपली. तिकडं लोरेन प्रांतात, साँ-दिए नावाच्या डोंगराळ गावात, मार्टिन वाल्डझेम्युलर आणि माथियास रिंगमान हे दोघं नकाशा करत बसले होते. समुद्र यांनी ओलांडलेला नाही. १५०७ मध्ये त्यांनी बारा मोठ्या कागदांचा जगाचा नकाशा काढला, लाकडी ठशांनी छापला, आणि खाली दक्षिणेच्या भूभागावर, आज जिथं ब्राझील आहे तिथं, लिहिलं 'अमेरिका'. सोबतच्या पुस्तिकेत कारणही दिलं: युरोप आणि आशिया यांना बायकांची नावं मिळाली आहेत, तर हे ज्यानं शोधलं त्या अमेरिगोचं नाव द्यायला कोणाची हरकत असावी असं वाटत नाही. म्हणून अमेरिगोचं स्त्रीलिंग करून अमेरिका. हा घ्या तुमचा दुसरा 'आ'.

पुढची गंमत अशी की खुद्द वाल्डझेम्युलरनं १५१३ च्या नकाशात ते नाव गाळून टाकलं आणि तिथं 'अज्ञात भूमी' लिहिलं. पण छापलेला कागद परत येतो होय? १५३८ मध्ये मर्केटर या नकाशाकारानं उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडं अमेरिका लिहिलं आणि विषय संपला. त्या १५०७ च्या नकाशाची एकच प्रत उरली आहे. १९०१ मध्ये जर्मनीतल्या वोल्फेग किल्ल्यात ती एका जेसुइट पाद्र्याला, योसेफ फिशरला, सापडली. २००३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं ती विकत घेतली, किंमत एक कोटी डॉलर.

टाकळीची सून

एक कोटी डॉलर! अन् आमच्या वावराची मोजणीची नक्कल मिळत नाही.

चांदणी रात

अंटार्क्टिका कोणीच घेत नाही, तर मी घेते. हा माझा आवडता.

ग्रीक भाषेत 'आर्क्टोस' म्हणजे अस्वल. आकाशातलं मोठं अस्वल, म्हणजे आपले सप्तर्षी. ज्या बाजूला ते अस्वल फिरतं ती बाजू 'आर्क्टिक', आणि तिच्या विरुद्धची 'अँटार्क्टिक'. पांढऱ्या अस्वलांशी या नावाचा संबंध नाही. उत्तर ध्रुवाकडं ती आहेत आणि दक्षिणेकडं एकही नाही हा निव्वळ योग.

आता आपल्याकडं या. हाच शब्द संस्कृतात 'ऋक्ष'. हिंदीतलं रीछ त्यातूनच आलं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात, वर उंच ठेवलेले ऋक्ष रात्री दिसतात आणि दिवसा कुठं जातात, असा प्रश्न विचारलेली ऋचा आहे. आणि शतपथ ब्राह्मणात तर स्पष्टच म्हटलंय की सप्तर्षींना पूर्वी 'ऋक्ष' म्हणत. म्हणजे ग्रीकांचं अस्वल आणि आपलं अस्वल एकाच घरातलं. आपल्याकडं पुढं ऋक्षाचे ऋषी झाले, त्यांच्याकडं अस्वल अस्वलच राहिलं. मे महिन्यात अंगणात बाज टाकून झोपणाऱ्यांनी रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडं मान वर करून पाहावं, पतंगासारखी चौकट आणि तिची शेपटी ठळक दिसते. तीच त्या बर्फाळ खंडाच्या नावाची खूण, आणि ती त्या खंडाच्या मध्यावरून कधीच दिसत नाही.

जमीन म्हणून तो खंड पहिल्यांदा दिसला १८२० च्या जानेवारीत, रशियाच्या बेलिंग्सहाउझेनच्या मोहिमेला. खंडाचं नाव म्हणून 'अंटार्क्टिका' नकाशावर रूढ केलं स्कॉटलंडच्या जॉन जॉर्ज बार्थोलोम्यू यानं, १८९० मध्ये. तिथं नाव ठेवताना विचारायला कोणी माणूसच नव्हतं, सातबारा काका. म्हणून मला हे एकच नाव निर्दोष वाटतं. आपली ठाणी तिथं आहेतच: आधी दक्षिण गंगोत्री, मग १९८९ पासून मैत्री, २०१२ पासून भारती.

चुनातंबाखू

ताई, अस्वलाचं नाव काढू नका. मोहफुलाच्या दिवसात इकडं अंबाबरव्याच्या बाजूनं वावरात येते थे. तवा ऋषी म्हना का ऋक्ष, पयतच सुटा लागते.

पुराणातलं वांगं

सगळे ग्रीक-रोमनांच्या मागं लागलात. आपली स्वतःची खंडांची यादी होती, ती घ्या की.

घरी सत्यनारायण असला की गुरुजी संकल्प सांगतात: "जंबुद्वीपे भरतवर्षे भरतखंडे दंडकारण्ये देशे गोदावर्याः उत्तरे तीरे". पुण्याकडं 'दक्षिणे तीरे' म्हणतात, आपण गोदावरीच्या वरचे, म्हणून 'उत्तरे'. आपण हात जोडून 'मम' म्हणतो आणि प्रसादाच्या शिऱ्याकडं बघतो. पण हा पत्ता आहे, खंडापासून सुरू होऊन नदीकाठापर्यंत आलेला.

पुराणांत सात द्वीपं: जंबू, प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक, पुष्कर. क्रौंच डोंगराचं नाव आणि पुष्कर म्हणजे कमळ, ही दोन सोडली तर बाकी सगळी झाडंगवतं. जंबू म्हणजे जांभूळ. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. कुश हे गवत. आणि शाक म्हणजे बहुतेक जण साग घेतात. म्हणजे मेळघाटात नाहीतर आलापल्लीच्या जंगलात उभं राहिलं की तीन-चार खंड एका जागेवरून दिसतात! ग्रीकांनी बाईचं नाव दिलं, वाल्डझेम्युलरनं माणसाचं, आपण झाडाचं. द्वीपांभोवती उसाच्या रसाचे, दुधाचे, तुपाचे समुद्र आहेत, ते मी पोरांना शिकवा असं म्हणत नाही. पण जंबुद्वीप हे नुसतं पोथीतलं नाव नाही. अशोकाच्या लघु शिलालेखांत ते आहे, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातलं, दगडात कोरलेलं. सम्राट आपल्या मुलखाला त्याच नावानं ओळखत होता.

मूळ अकोला

जंबुद्वीपाशी सहमत. शाक म्हणजे साग यावर माझी किंचित कुरकुर आहे. शाक म्हणजे भाजीही होते आणि शक लोकांशीही नातं जोडलं जातं.

पुराणातलं वांगं

भाजीच्या नावानं कोणी द्वीप बसवतं का? पुराणात स्पष्ट लिहिलंय की तिथं शाक नावाचा मोठा वृक्ष आहे, म्हणून शाकद्वीप. वांगं म्हणून मला भाजीचा अभिमान आहे, तरीही.

कोळशाची पाटी

धागा सकाळपासून वाचतोय. सगळे खंड झाले आणि ज्याच्या नावाचा मालक आपण आहोत तोच राहिला. गोंडवाना!

मी वर्धा खोऱ्यातल्या खाणीत सर्वेक्षणात नोकरी करून निवृत्त झालो. नव्या पोरांना आम्ही पहिल्या दिवशी हेच सांगायचो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला हेन्री मेडलिकॉट यानं १८७२ च्या सुमारास मध्य भारतातल्या कोळशाच्या थरांच्या मालिकेला 'गोंडवाना' नाव दिलं, कारण हे थर गोंडांच्या मुलखात नीट दिसत होते. मग व्हिएन्नाचा भूशास्त्रज्ञ एडुआर्ड स्यूस. त्याच्या लक्षात आलं की भारतातल्या या थरांत जी वनस्पती सापडते, ग्लोसोप्टेरिस, तीच आफ्रिकेच्या दक्षिणेतल्या थरांतही सापडते. म्हणजे हे भूभाग कधीतरी एक होते. १८८५ मध्ये आपल्या ग्रंथात त्यानं त्या जुन्या महाखंडाला नाव दिलं 'गोंडवाना-लँड'. मधली जमीन समुद्रात बुडाली असं तो समजत होता. ती बुडाली नाही, तुकडे एकमेकांपासून सरकले, हे जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरनं नंतर मांडलं, १९१२ पासून पुढं.

तर आज जगातल्या कुठल्याही शाळेत, ब्राझील घ्या, ऑस्ट्रेलिया घ्या, पोरं 'गोंडवाना' हा शब्द पाठ करतात. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, भारत, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका एवढ्यांचं मिळून एक नाव, आणि ते आपल्या इथलं. केस्टरच्या काठचं कुरण मोठं होऊन आशिया झालं म्हणता, तर चांदा-छिंदवाड्याकडचा हा डोंगराळ पट्टा त्याहून मोठा झालाय.

अजून एक. आपल्या नागपूरजवळच्या कामठीचं नावही या थरांत आहे, 'कामठी फॉर्मेशन'. नागपूर भागातली पानांची जीवाश्मं पहिल्यांदा गोळा करणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप हा मिशनरी होता. हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेला आणि पूर आलेल्या नाल्यात बुडून वारला. त्याच्याकडच्या वनस्पतींवर इंग्लंडच्या बनबरीनं १८६१ मध्येच लिहून ठेवलं होतं.

चांदणी रातताईंच्या अंटार्क्टिकाशीही धागा जुळतो. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती मेले. जीव जायची वेळ आली तरी त्यांनी स्लेजवरचे सुमारे १६ किलो दगड टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लोसोप्टेरिसची पानं निघाली. जे पान आमच्या खाणीच्या छतावर दिसतं, तेच.

आणि मे महिन्यात ४६-४७ अंशांत भाजणाऱ्या चांद्याच्या लोकांनो, ऐका: चंद्रपूरजवळ इरई इथं हिमनदीनं घासून ओरखडे काढलेला खडक आहे. फेडन या भूवैज्ञानिकानं १८७५ मध्ये त्याची नोंद केली. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपण दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होतो, आणि इथं बर्फ होतं.

चुनातंबाखू

हे मातर पटलं आपल्याले. पांडव गेले उडत, हे व्हॉट्सअपवर टाकतो. कोळशाची राख आमच्या नाकात अन् नाव ब्राझीलच्या पुस्तकात, हे कोनीच सांगतलं नोतं राजेहो.

सातबारा

इरईचं काही खरं वाटत नाही हो, पण तुम्ही सांगता म्हणजे असेल. कूलरवाल्यांना कळू देऊ नका.

झाडीवाली

नमस्कार जी. गडचिरोली जिल्ह्यात शिक्षिका आहे, घरी गोंडी बोलतो. पाटी काकांचा प्रतिसाद आमच्या वर्गात वाचून दाखवणार आहे. पण सातबारा काकांचा वरचा प्रश्न तसाच राहिला: नाव ठेवताना तिथल्या लोकांना विचारलं का?

आम्ही स्वतःला कोयतूर म्हणतो, कोया म्हणतो. 'गोंड' हे दुसऱ्यांनी आम्हाला म्हटलेलं. मुघल काळापासून मुसलमान लेखकांनी या मुलखाला गोंडवाना म्हटलं, इंग्रजांनी ते नकाशावर घेतलं, मेडलिकॉटनं दगडांना दिलं, स्यूसनं व्हिएन्नात बसून अर्ध्या पृथ्वीला दिलं. चार हात फिरून आलेलं नाव. तरी मला ते परकं वाटत नाही. चांदागड, देवगड, गढा-मंडला, खेरला ही राज्यं आमच्या लोकांची, आणि आता गडचिरोलीच्या विद्यापीठालाही 'गोंडवाना' नाव आहे. बाहेरच्यानं ठेवलं म्हणून टाकून द्यायचं की आपलं म्हणून मिरवायचं, यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत. माझे सासरे म्हणतात कोयतूर म्हणा, माझा मुलगा टी-शर्टवर गोंडवाना छापून हिंडतो.

एक बारीक खोच: 'वन' त्यात आधीच आहे असं धरलं तर 'गोंडवाना-लँड' म्हणजे गोंडांच्या वनाची जमीन. शेवटचं 'लँड' फुकटचं. बरेच भूशास्त्रज्ञ आता नुसतं 'गोंडवाना' लिहितात.

मूळ अकोला

झाडीवाली ताई, आफ्रिका, अमेरिकेच्या बाबतीतही हेच झालं. ज्यांच्यावर नाव लादलं त्यांनीच पुढं ते झेंड्यावर घेतलं.

बाहेरच्यांनी सांगितलेली नावं म्हणाल तर आपलं वऱ्हाडही त्यातच. आपण म्हणतो रुक्मिणीच्या लग्नाचं वऱ्हाड कौंडिण्यपूरला आलं म्हणून वऱ्हाड. अबुल फजल ऐने-अकबरीत लिहितो की या सुभ्याचं मूळ नाव 'वरदातट', वरदा म्हणजे वर्धा नदी आणि तट म्हणजे काठ. मला अबुल फजल पटतो.

टाकळीची सून

आम्हाला रुक्मिणीच पटते. माहेर तिकडचं आहे माझं.

गावखारी

झाडीवाली ताई, तुमचा प्रतिसाद छापून वर्गात लावतो, हरकत नसेल तर. पाटी काका, एक काम सांगतो. हिवाळ्यात शाळेची सहल न्यायची आहे. पोरांना ग्लोसोप्टेरिसचं पान दाखवायचं तर कुठं दाखवावं, आणि ओळखायचं कसं? सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे हे माहीत आहे, पण वाशीमवरून एका दिवसात तिथं जाऊन येणं होत नाही.

झाडीवाली

हरकत कसली जी. वडधमला याल तर मुक्कामी या. तिथं दगड झालेली झाडांची खोडं आहेत आणि डायनासोरची हाडं सापडली आहेत, पण ते थर पानवाल्या थरांपेक्षा बरेच अलीकडचे. पान तिथं शोधू नका.

कोळशाची पाटी

बरोबर. पानासाठी पहिली पायरी नागपूर. भूशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजच्या संग्रहात बहुतेक नमुना असतो. आधी प्राध्यापकांना फोन करून विचारा, पोरांना ते आवडीनं दाखवतात. चालू खाणीत पोरं नेऊ नका, परवानगी मिळणार नाही आणि मिळू नये. पान कोळशात नसतं, कोळशाच्या वरच्या-खालच्या करड्या शेलमध्ये, म्हणजे चिखलापासून झालेल्या पापुद्र्यांच्या दगडात, असतं. ती शेल ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या, ढिगाऱ्यावर येऊन पडते, पण ढिगारा घसरतो, म्हणून तिथंही पोरं नकोत.

ओळखायला सोपं आहे. 'ग्लोसा' म्हणजे जीभ. पान जिभेच्या आकाराचं, मधोमध एक ठसठशीत शीर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक शिरांची जाळी. नुसत्या समांतर रेघा दिसल्या तर ते पान नाही, दुसरं काहीतरी आहे. कुठं सापडलंच तर उचलून आणू नका, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. कॉलेजात पोरांना नमुन्याची दगडी पाटी सपाट धरायला देऊ नका. सकाळच्या तिरप्या उन्हात ती हळूहळू फिरवायला सांगा, शिरा तेव्हाच दिसतात. भर दुपारच्या उन्हात समोर ठसा असला तरी साधा दगड वाटतो.